टोमॅटोंखालचं लाल प्लास्टिक

मला दोन स्थळांनी नाकारलं होतं, दोघांनीही एकाच कारणानं: मुलगी सावळी आहे. तिसरीकडे जमलं नाही तर धाकटीचंही अडेल, हे आई दिवसातून चारदा ऐकवायची. मला लग्नाची घाई नव्हती, पण ‘मुलगी सावळी आहे’ हे तिसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं.

मद्रासजवळ तांबरमला आमचं रेल्वेचं क्वार्टर, मागे वीतभर परस. पुढच्या मंडळींपुढे जेवणाचं टेबल बरं दिसावं म्हणून आईनं वडिलांना प्लास्टिक आणायला टी. नगरच्या बाजारात पाठवलं. पण वडिलांनी ऑफिसात कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं, की तिकडे वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरतात, ओल टिकते आणि तण उगवत नाही. झालं. काळं मिळालं नाही, लाल मिळालं, ते घेऊन स्वारी थेट परसात. दाढीच्या पात्यानं भोकं पाडून टोमॅटोचं एकेक रोप वर काढलं, कडेनं विटा ठेवल्या. पाणी कुठून घालायचं, हा प्रश्न रोपांनी माना टाकल्यावर पडला.

"टेबल उघडं आणि माती झाकलेली," आई म्हणाली. "या घरात मातीचा मान मोठा."

दोन महिन्यांनी फळं धरली. एका संध्याकाळी मी वाफ्याशेजारी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. उन्हं उतरून प्लास्टिकवर पडली होती. आईनं माझ्याकडे दोनदा पाहिलं. "जरा अशी मान कर," म्हणाली. खालून येणाऱ्या लाल उजेडात तिची लेक तिला गोरीगुलाबी दिसली होती. त्या दिवसापासून ज्या प्लास्टिकला ती शिव्या घालायची, तेच रोज ओल्या फडक्यानं पुसू लागली.

तिसरी मंडळी तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या मद्रासेत राहिलेली. मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. त्यांच्या रिवाजाप्रमाणे आईनं बज्जी आणि सोज्जी, म्हणजे आपली भजी आणि शिरा, केला. वेळ पाचची ठरवली, बैठक मागच्या व्हरांड्यात, आणि माझी खुर्ची टोमॅटोंना चिकटून. मुलाची आई माझ्याकडे बघून प्रसन्न हसली. वडिलांनी मुलाच्या वडिलांना वाफ्यापाशी उकिडवं बसवून प्लास्टिकचे फायदे सांगितले, आणि लालबुंद टोमॅटो तोडून पिशवीभर दिले. मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

निघताना मुलाची आई म्हणाली, "चल, देवाला नमस्कार कर." देवघराच्या खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. बाईंनी पिशवीत पाहिलं. एक टोमॅटो काढून पदरानं पुसला. तो हिरवट पांढरा होता, दगडासारखा टणक. मग माझी हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा खिडकीकडे वळवला.

चार दिवसांनी कार्ड आलं. मुलगी सावळी आहे, तक्काळीही कच्ची निघाली. तक्काळी म्हणजे टोमॅटो.

वडील म्हणाले, "कच्ची कशी? मी स्वतः बघून तोडली."

मला इतकं लागलं, की मी उठून परसात गेले आणि ते प्लास्टिक ओढून काढलं. दोन रोपं मोडली. वडील मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, कच्चा माल पिकलेला दाखवून खपवायचा, आणि त्याच ओळीत मला बसवायचं?" त्यांनी प्लास्टिक नळाखाली धुतलं आणि भोकांसकट टेबलावर अंथरलं.

चौथं स्थळ आलं तेव्हा आईचं वडिलांनी काही चालू दिलं नाही. मंडळींना सकाळी अकराला बोलावलं आणि उघड्या परसात, मद्रासच्या उन्हात बसवलं. मुलाच्या काकांनी घाम पुसून पुसून पंचा ओला केला. माझ्या तोंडाला पावडरसुद्धा नव्हती. भज्यांची बशी पुढे करत वडील म्हणाले, "उजेड भरपूर आहे, नीट बघून घ्या. हाच रंग आहे. पुढे बदलणार नाही."

आईनं डोळे मिटले. समोरच्या खुर्चीतल्या मुलानं स्वतःच्या काळ्या हातांकडे पाहिलं, एक भजं उचललं आणि म्हणाला, "माझाही नाही बदलायचा."

आजवर दोघांचेही बदललेले नाहीत.