सर्जेरावाच्या रानातला धोंडा

समाधान गुरुजींना नाद एकच, दगडांचा. बायको म्हणायची, "लोकं घरी भाजी आणत्यात, आमचं ध्यान धोंडं आणतंय." कळंबच्या अलीकडच्या वाडीवर ते मास्तर. बौद्ध घर, वडलांनी छप्पन सालीच दीक्षा घेतलेली. चौऱ्याण्णवला बळ्ळारीकडं खाणीत असलेल्या मेव्हण्यानं त्यांना एक थोरला दगड दिला, कांद्यासारखे पापुद्रे असलेला. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात एका पेशीच्या जीवांनी थरावर थर चढवलेला! गुरुजी खुळ्यासारखे हरखले.

फाट्यावरून तो आणला सर्जेरावानं, स्वतःच्या ट्रॅक्टरमधून. हा गुरुजींचा जिवाभावाचा दोस्त, त्यांच्या डब्यातलं पिठलं ओरपणारा. शाळेचं छप्पर उतरवलेलं, म्हणून विज्ञान प्रदर्शनापर्यंत दगड त्याच्याच रानात लिंबाखाली ठेवला. तिथं बसून गुरुजी सांगायचे, "आपला काळा कातळ याच्यापुढं कालचं पोर. तवा ना देव, ना जात. तुझंमाझं मूळ असल्याच एका पेशीत."

"म्हंजी आपुन भाऊच की, गुरुजी!" सर्जेराव म्हणायचा. गुरुजींना किती बरं वाटायचं!

मग गुरुजी प्रशिक्षणाला पुण्याला गेले. इकडं सर्जेरावानं लिंबाशेजारी बोअर घेतली. आधीच्या कोरड्या गेलेल्या. हिला धो धो पाणी लागलं. झालं! वाडी म्हणाली, धोंड्याचा गुण. शेंदूर फासला, चौथरा बांधला. धोंडा कुणाचा, एकानं तरी विचारावं? छे!

गुरुजी परतले ते थेट रानात. "अरे, उद्या प्रदर्शन. शेंदूर रॉकेलनं निघंल. चल, हात लाव." ते चौथऱ्यावर पाय ठेवणार तोच सर्जेराव आडवा आला.

"गुरुजी, वर नगा येऊ. लोकं बोलत्यात. खालनंच बघा."

"लोकं गेली चुलीत. तू काय म्हणतोस?"

सर्जेराव खाली बघत म्हणाला, "मला बी ह्याच लोकांत ऱ्हायचं हाय."

गुरुजींनी उचललेला पाय मागं घेतला. वाडीनं अडवलं असतं, तर चार शिव्या हासडून ते मोकळे झाले असते. पण ह्यानं? सगळं ऐकून, उमजून? केसानं गळा कापला मेल्यानं!

"परसाद तरी घ्या," सर्जेराव म्हणाला. गुरुजींनी सवयीनं हात पुढं केला. खोबऱ्याचा तुकडा वरून पडला, वीतभर अंतरावरनं.

गुरुजींनी मूठ मिटलीच नाही. खोबरं घरंगळून मातीत गेलं.

"सर्जा," ते म्हणाले, "मला शिवशील म्हणून भ्यालास व्हय रं?"