बोल्ट नसलेली रायफल

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या खुनातला कोयता कुठल्या विहिरीत सापडला, असं विचारलंत तर मी हमखास चुकेन. पण एका सकाळी हजेरीच्या वेळी माझ्या ठाण्यातल्या एका रायफलीचा बोल्ट जागेवर नव्हता, तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्यात ना खून होता, ना दरोडा. तरी माझ्या सगळ्या नोकरीत इतका घाम मला दुसऱ्या कुठल्या तपासाने फोडला नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून तंजावरात आहे. घरात मराठी, बाहेर तमिळ, अशी जन्माची सवय. देवनागरी मात्र मी निवृत्त झाल्यावर गिरवली, तेव्हा चुका सांभाळून घ्या. यात कोणाचंही नाव देणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गावोगावी एसटीडी बूथ निघत होते आणि सायकली जाऊन मोपेड येत होत्या, ते दिवस. मी तंजावर आणि ओरत्तनाडुच्या मधल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. ठाण्याच्या मागून मोठा कालवा जातो. लोक त्याला पुदु आरू, म्हणजे नवी नदी म्हणतात.

आमच्याकडे .३०३च्या जुन्या रायफली होत्या. बोल्ट म्हणजे तिच्यातला सरकता लोखंडी खटका. तो काढला की रायफलीची काठी होते. रात्रपाळीचा पहारेकरी सकाळी रायफल आणि बोल्ट ठाण्याच्या रायटरकडे, म्हणजे लेखनिकाकडे, जमा करतो, रायटर मोजून वहीत सही घेतो. त्या सकाळी रायफल जमा झाली, बोल्ट नाही. पहारेकरी मान खाली घालून उभा.

ते दिवस अतिरेक्यांच्या धास्तीचे. शस्त्राचा एक स्क्रू हरवला तरी वरपर्यंत फोन जायचा. मी डीएसपी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी दहापर्यंत बोल्ट तरी दाखव, नाहीतर त्या शिपायाला बेड्या घालून माझ्यासमोर आण." नोकरी जाणार, वर तुरुंग. त्याच्या घरी बायको, दोन मुली आणि म्हातारी आई.

हा शिपाई पापनाशमकडचा, पस्तिशीचा, आणि पट्टीचा पोहणारा. जूनमध्ये कावेरीचं पाणी सुटलं की कालव्यातून प्रेतं वाहत येतात. कोणी पाय घसरून पडलेला, कोणी घरचं भांडण करून उडी टाकलेला. प्रत्येक ठाण्यात प्रेताच्या कामाला एक ठरलेला माणूस असतो. बाकीचे नाक धरून बांधावर उभे राहतात, तो पाण्यात उतरतो, पंचनामा होईपर्यंत थांबतो आणि गाडीत प्रेताशेजारी बसून शवविच्छेदनाला जातो. आमच्याकडे तो माणूस हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक गावबस कालव्यात कलंडली. अग्निशमनची गाडी पोचेपर्यंत यानेच खिडक्या फोडून लोक बाहेर काढले. काही जिवंत, बरेचसे मेलेले. प्रशस्तिपत्रासाठी मीच शिफारस केली. त्यानंतर कुठूनही प्रेताची वर्दी आली की मी जागेवरून न उठता म्हणायचो, "त्यालाच बोलवा."

आम्ही ठाणं उलटंपालटं केलं. मुद्देमालाची खोली, कोठडी, रायटरची पेटी, शिपायांच्या ट्रंका, छपराची कौलं, मागची विहीर. आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना आमच्याकडे एट्टय्या म्हणतात, ते पोट सांभाळत कालव्याच्या कडेचा चिखलही चाळून आले. काही नाही. शोध सुरू करण्याआधी मी व्हरांड्यातल्या देवीच्या तसबिरीपुढे हात जोडले होते, त्याचाही उपयोग दिसेना.

मग त्याला समोर घेतलं. तो तमिळमध्ये बोलला, मी इथे मराठीत लिहितो; फक्त अय्या, म्हणजे साहेब, तेवढं तसंच ठेवतो.

"बोल्ट कुठे आहे?"

"चूक माझी, अय्या. तसं लिहून घ्या."

"कोणाला दिलास?"

"कोणाला नाही."

"मग आण ना इथे!"

"आणला तर तुम्ही परत मलाच द्याल."

हे मला उद्धटपणाचं वाटलं. मी टेबलावर लाठी आपटली, आवाज चढवला, त्याच्या मुलींचं काय होईल ते ऐकवलं. चोरांच्या बाबतीत ही शेवटची मात्रा लागू पडते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोल्टची जागा त्याने सांगितली नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला कळायला हवं होतं, की चोर आधी नाकारतो आणि मग भाव करतो. हा पहिल्या वाक्यातच कबूल होऊन बसला होता.

अकराच्या सुमारास खबर मिळाली. बसथांब्याजवळच्या एसटीडी बूथचा मालक दबकत आला. म्हणाला, "अय्या, तुमचा तो पोहणारा शिपाई तीन दिवस रोज येतो. तंजावरचा एकच नंबर लावतो, पलीकडून कोणी बोललं की ठेवून देतो." यंत्रातून निघणाऱ्या पावत्या त्याने जपून ठेवल्या होत्या. तिन्हींवर नंबर एकच. मला वाटलं, साथीदार सापडला! मी नंबर फिरवला. पलीकडून बाईचा आवाज आला, "मानसोपचार विभाग." तो तंजावरच्या एका मोठ्या रुग्णालयाचा नंबर होता, आणि आवाज तर माझ्या चांगलाच ओळखीचा.

ती माझ्या बायकोच्या चुलतभावाची मुलगी. तिच्या बरोबरीची सगळी पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती, आणि ही बेंगळुरूला जाऊन मनोरुग्णांची समाजसेविका व्हायचं शिकून आली. बाप दोन महिने तिच्याशी बोलला नाही. मी स्वतः एका लग्नाच्या पंगतीत तिला चिडवलं होतं, "काय गं, वेड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक येतं का?" ती हसली होती, पण पुढचा पदार्थ न घेताच उठली होती.

जीप काढून मी तिच्याकडे गेलो. सगळं ऐकून घेऊन ती आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही त्यास काय विचारलांत?"

"बोल्ट कोठें म्हणून."

"आणि कसा आहेस म्हणून?"

मी बूथच्या पावत्या तिच्यापुढे सरकवल्या.

"अस्की प्रेतं तोच काढतो?" अस्की म्हणजे आमच्याकडे सगळी.

"त्यास सवय आहे गं. बाकीचे उलट्या करतात."

"तो करत नाही म्हणून त्यास काही होत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हांस?" तिने टेबलावरचे कागद बाजूला सारले. "चोरी करायची तर गोळ्या नेल्या असत्या. रायफल लुळी करून कशास ठेवील? वर इथे फोन करतो. काका, त्यास सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो काय म्हणून."

"अय्यो, तसं विचारून आपणच त्याच्या डोक्यात घालायचं काय?"

"विचारल्याने डोक्यात जात नाही. असलं तर बाहेर येतं. मी येते बरोबर."

दुपारी आम्ही ठाण्यात पोचलो. तिने मला टेबलामागे बसूच दिलं नाही. मागच्या ओसरीत, चिंचेच्या सावलीत एक बाक होतं, त्यावर आम्ही तिघं एका रांगेत बसलो. एट्टय्यांनी तीन कॉफ्या पाठवल्या. मी टोपी काढली. दरोडेखोरांच्या घोळक्यात शिरताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती, त्या बाकावर अडखळली.

"तुला जीव द्यावासा वाटतो का रे?"

त्याने कॉफी बाकावर ठेवली. मग त्याने मान हलवली. हो.

मग तो बोलला, थांबत थांबत. बसमधल्या एका बाईने सीटचा दांडा इतका घट्ट धरला होता, की तिला सोडवायला त्याला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. तिच्या बांगड्या त्याच्या कानाशी वाजत होत्या. ती जिवंत नव्हती. पहाऱ्यावर सामसूम झाली की त्या बांगड्या वाजायच्या, आणि हातात भरलेली रायफल असायची. बायकोला सांगितलं तर ती घाबरेल. ठाण्यात सांगितलं तर वेडा म्हणतील. मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात ना अय्या, याला काळीजच नाही म्हणून. शाबासकी दिली होतीत."

खरं होतं. मी तसंच म्हणालो होतो, आणि हसलोही होतो.

"मग बोल्ट?" मी विचारलं.

"आयुधपूजेच्या दिवशी बरं वाटलं होतं, अय्या."

मला काही उमगलं नाही, तेव्हा त्याने उलगडून सांगितलं. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तुमच्याकडची खंडेनवमी ती आमची आयुधपूजा. ठाण्यातल्या रायफली धुऊन पुसून, चंदनकुंकू लावून देवीपुढे मांडतात, चुरमुरे आणि चणे वाटतात. दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत मांडलेल्या हत्याराला कोणी हात लावत नाही. त्या दिवशी पहारेकऱ्याच्या हातात फक्त लाठी असते. यंदा तो पहारा याचाच होता, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला भीती वाटली नव्हती. पुढचे काही दिवस त्याने काढले. तीनदा फोन लावला, तीनदा तोंड उघडलं नाही. शेवटी आदल्या रात्री पहाऱ्यावर असताना त्याने बोल्ट काढला आणि पूजेला ठेवून दिला.

"कुठे?"

"देवीच्या मागे. पूजेतलं हत्यार मी उचलणार नाही, अय्या. तेवढं मला माहीत होतं."

मी उठून व्हरांड्यात गेलो, बूट काढले आणि तसबीर पुढे ओढली. मागे लाल फडक्यावर बोल्ट होता. त्याला चंदन लावलेलं, वर कुंकू. आम्ही छपराची कौलं उचकटली होती, पण देवीच्या मागे हात घालायचं एकालाही सुचलं नव्हतं. सकाळी मी ज्याच्यासाठी हात जोडले, तो माझ्या हातांपासून वीतभर अंतरावर होता. मला तिथे रडू आलं. एट्टय्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

राहिला अहवाल. खरं लिहावं तर त्याच्या नावापुढे वेडा असा शिक्का बसणार, खोटं लिहावं तर उद्या परत रायफल त्याच्याच हातात जाणार. रुग्णालयातली ती मुलगी म्हणाली, "आजारी आहे म्हणून लिहा. आहेच तो." मी लिहिलं, की बोल्ट ठाण्याच्या आवारातच पूजेच्या जागी मिळाला, पहारेकरी आजारी असून उपचारांना पाठवला आहे, डॉक्टर सांगेपर्यंत त्याला शस्त्र आणि प्रेताचं काम देऊ नये. त्याखाली आणखी एक परिच्छेद जोडला: ऑगस्टपासून प्रेताची प्रत्येक वर्दी मी याच्याच गळ्यात घातली, ही चूक माझी आहे.

डीएसपी साहेब कडाडले, "हे पोलीस आहेत की नव्या नवऱ्या?" पण बेड्या पडल्या नाहीत. त्याला ताकीद मिळाली, मला मेमो. त्याला सहा आठवडे उपचार मिळाले, मग ठाण्यात टपालाचं काम.

मी त्या मुलीला दर बुधवारी ठाण्यात यायला सांगितलं. पहिले दोन बुधवार ती एकटीच कॉफी पिऊन गेली. मन मोकळं करायला कोणता पोलीस रांग लावेल! तिसऱ्या बुधवारी ती रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आली. मग मात्र रांग लागली. दंडाला पट्टा गुंडाळला की माणूस पाच मिनिटं बांधलेला, तेवढ्यात ती बोलतं करायची. पुढे अग्निशमनचे लोकही येऊ लागले. या कामाला तेव्हा ना पद होतं ना पाटी. तिचा बाप मला विचारायचा, "हा कसला उद्योग म्हणून लोकांस सांगू?" आज तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली हेच काम नोकरी म्हणून करतात. बापाचा प्रश्न सुटला, पण ते बघायला तो राहिला नाही.

मला या प्रकरणाने शिकवलं ते असं. जो माणूस कठीण काम न कुरकुरता करतो, त्याच्यावरच आपण ते लादत जातो आणि वर त्याचं कौतुक करतो. ते कौतुक त्याचं तोंड बंद करतं. पोलीस, अग्निशमनवाले, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, यांना कोणीतरी ठरवून, नेमून, पगार देऊन विचारायला हवं. आपुलकी असणाऱ्या साहेबावर ते सोडू नये. आपुलकी मलाही होती.

तो शिपाई पुढे हेड कॉन्स्टेबल होऊन निवृत्त झाला. दोन्ही मुली नांदत्या आहेत. दर आयुधपूजेला तो पापनाशमहून फोन करतो. मी तब्येत विचारतो, मग तोच प्रश्न, सरळ. तो म्हणतो, "इल्लै अय्या, नाही," आणि आम्ही पावसापाण्यावर येतो.

गेल्या वर्षी माझी बायको वारली, त्यानंतरची पहिली आयुधपूजा. त्याचा फोन आला, मी नेहमीप्रमाणे विचारलं. "इल्लै अय्या," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आणि तुम्हाला?"

मी खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तो माझ्या दारात उभा होता.