न बघता सोफा घेणारा फौजी

माझी धाकटी बहीण तोंडाने फटकळ आहे. हे सासरी मान्य आहे, माहेरी मान्य आहे, आणि फुलेवाडीत ती राहते त्या गल्लीत भाजीवाल्यापासून सिलेंडरवाल्यापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. ब्लाउज वेळेवर आणि अंगाबरोबर मिळतो म्हणून बायका तिचं बोलणं सोसतात. मी तिची थोरली बहीण. मला राधानगरीकडच्या गावात दिलंय. दारात म्हशी असल्यावर बाईला माहेरपण कसलं, त्यामुळे माझं कोल्हापूरला येणं म्हणजे सकाळी यायचं आणि धारेच्या वेळेला परत गोठ्यात. त्या खेपेला मात्र मी राहायच्या तयारीने आले होते, कारण ती सोफा विकणार होती.

सोफा विकायला थोरली बहीण कशाला, असं कुणी म्हणेल. तर तो सोफा आप्पांनी तिच्या लग्नात दिलेला होता. आप्पा म्हणजे आमचे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी सागवानी लाकडाचा तो जाडजूड सोफा बनवून घेतला होता. आई गेल्यापासून आप्पा बहिणीकडेच राहतात, त्याच सोफ्यावर बसतात आणि बोलत जवळजवळ नाहीत. त्यांच्याच बुडाखालचा सोफा विकायचा, तर घरात कुणीतरी मध्ये हवं.

विकायचं कारण सरळ होतं. बहिणीला मुख्य रस्त्यावर एक गाळा मिळत होता. इतकी वर्षं पुढच्या खोलीत मशीन घालून शिवलं, आता बोर्ड लावून बसायचं होतं. अनामत रकमेसाठी तिने शिलाईचा एकेक पैसा खात्यात साठवला होता. थोडे कमी पडत होते, तेवढे सोफ्यातून निघणार होते. गाळामालकाने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती आणि एक मोबाइल दुरुस्तीवाला रोख पैसे घेऊन त्याच्या दारात बसूनच होता. पैसे चुकले की गाळा गेला. असा गाळा तिला पुन्हा मिळाला नसता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आप्पांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इक की. पर चांगल्या घरात जाऊ दे."

मग सोफ्याचा फोटो मोबाइलवर विक्रीला चढला आणि फोन सुरू झाले. एकाने किंमत ऐकून न घेताच निम्म्यात मागितला. एका बाईला नुसत्या गाद्या हव्या होत्या. बहिणीचं सगळ्यांना एकच उत्तर, "घरला या, बसून बघा, चहा घ्या, मग काय ते बोला. बसल्याबिगार सोफा कसा घेताय?" आमच्याकडे व्यवहार असाच चालतो. म्हैस असो की मोटारसायकल, घेणारा माणूस दारात येतो, चार खोडी काढतो, चहा पितो, उठून निघून जातो, कोपऱ्यावरून परत येतो आणि मग भाव ठरतो.

दुपारी जेवणं झाल्यावर आणखी एक फोन आला. हिंदीत बोलणारा माणूस. मी फौजेत आहे, कोल्हापूरला बदली झाली आहे, क्वार्टर मिळालं आहे, सामान हवंय. सोफा न बघताच पसंत आणि किंमत तुम्ही म्हणाल ती. लगोलग त्याने वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं. बहिणीने फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही फाडकन काहीतरी बोलणार. पण 'फौज' हा शब्द आप्पांच्या कानावर गेला होता.

"फौजी हाय?" म्हणत आप्पा ताठ बसले. "दे इकडं."

बहिणीने स्पीकर चालू केला, पण फोन स्वतःच्याच हातात ठेवला. आप्पांनी कैक दिवसांत वापरली नव्हती ती हिंदी बाहेर काढली. "जवान, कौनसी पलटण?" पलीकडचा जरा अडखळला. आप्पांनीच आपल्या पलटणीचं नाव घेतलं, तो म्हणाला, "जी अंकल, वही." आधी कुठे होता, हेही आप्पांनीच सुचवलं, आणि तो म्हणाला, "जी, वहीं पे." प्रश्नही आप्पांचा आणि उत्तरही आप्पांचंच. त्या माणसाला फक्त हो म्हणायचं काम. आमच्या माहेरच्या गावात प्रत्येक गल्लीत एखादा तरी फौजी निघतो, आणि फौजी म्हटलं की आमची माणसं अशीच आंधळी होतात. आप्पा हसत होते. आईच्या माघारी त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

"माझा सोफा फौजीच्या घरात चाललाय," ते मला म्हणाले.

त्या माणसाने मग पाच रुपये पाठवले, खातं बरोबर आहे का ते बघायला. ते खरंच जमा झाले. पाठोपाठ त्याने एक क्यूआर कोड पाठवला. फौजेतून पैसे असेच येतात, तुम्ही हा स्कॅन करा, पिन टाका, की पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात. बहीण रोज गिऱ्हाइकांकडून शिलाईचे पैसे मोबाइलवर घेते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे तिला पक्कं माहीत. स्कॅन करून पिन टाकला असता तर गाळ्याचे पैसे त्या माणसाच्या खात्यात गेले असते. माझंही डोकं आता तापलं. मी तोंड उघडणार, तोच तिने माझ्या पायावर पाय दिला.

"टाक की नंबर," आप्पा म्हणाले. "फौजी माणूस खोटं बोलत न्हाय."

आता आली का पंचाईत. बोलावं तर बाप दुखावतो आणि न बोलावं तर गाळा जातो. मला वाटलं, संपलं, आता घरात रामायण होणार.

बहीण अगदी मऊ आवाजात म्हणाली, "टाकतो की आप्पा. पर आधी त्यास्नी जेवाय बोलवा. तुमच्या घरातनं फौजी कधी उपाशी गेलाय व्हय?"

हे खरं होतं. आम्ही लहान असताना गावातला कुठलाही जवान सुट्टी संपवून निघाला की आमच्याकडे जेवूनच निघायचा. आई भाकरी थापायची आणि आप्पा स्वतः वाढायचे.

आप्पांना ते भलतंच पटलं. "बेटा, पहले खाना खाने आओ. सोफा बाद में." तो म्हणाला ड्युटी आहे. आप्पा म्हणाले, मग सोफा न्यायला जो ड्रायव्हर येईल तो इथे जेवेल. तो म्हणाला गाडी नंतर येईल, आधी स्कॅन करा. आप्पा म्हणाले, मग मीच डबा घेऊन तुमच्या कॅम्पच्या गेटवर येतो, मटण आणतो, गेटवर तुझं नाव सांगतो, आत्ता निघालो. आणि ते खरंच उठून चपला शोधायला लागले.

पलीकडच्याचा आवाज बदलला. "अंकल, फोन मॅडम को दो. टाइम वेस्ट मत करो. स्कॅन करना है तो करो." आप्पांना वाटलं त्याला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं, घरचं जेवण आहे, पैसे वगैरे नाहीत. त्यावर त्याने त्यांना म्हातारा म्हणून एक शिवी हासडली.

आप्पा एका पायात चप्पल घालून उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, "बंद कर गं. ह्यो फौजी न्हाय."

"कशावरनं आप्पा?" बहिणीने विचारलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. हसू नाही, काही नाही.

"मेसचं खाऊन जीभ मेलेली असती फौजीची. घरच्या डब्याला न्हाय म्हणणारा जवान म्या जन्मात बघितला न्हाय."

"माझ्या ध्यानातच आलं न्हाय बघा," ती म्हणाली.

तिने तो नंबर ब्लॉक केला आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. आप्पा शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होते. संध्याकाळपर्यंत ही हकिगत गल्लीभर झाली. आप्पा दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण चोर कसा धरला ते सांगू लागले. दर खेपेला गोष्ट थोडी वाढत होती. "होय न्हवं गं?" असं ते आत विचारायचे आणि मशीनवरून बहीण म्हणायची, "व्हय की. मी टाकतच हुतो पिन."

दुसऱ्या दिवशी कबनूरहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. त्यांचे यंत्रमाग होते. त्यांनी सोफा वाकून वाकून बघितला, खालून हात घातला, दोघंही त्याच्यावर जड बसले, किमतीवरून बहिणीशी तासभर भांडले आणि दोनदा चहा प्याले. शेवटी बहिणीने आपला कोड दाखवला, त्यांनी त्यांच्या मोबाइलवर पैसे भरले आणि हिने बँकेत जमा झालेले बघितल्यावरच सोफ्याला हात लावू दिला. आप्पांनी लाकडावरून एकदा हात फिरवला. "चांगली माणसं हायती," म्हणाले. सोमवारी गाळ्याची अनामत भरली गेली.

माझ्या बहिणीचं कौतुक मी तोंडावर कधी केलेलं नाही. आमच्यात ती पद्धत नाही. पण त्या सोमवारी रात्री मोरीत भांडी घासताना माझ्याच्याने राहवलं नाही.

"तुला कधी कळलं गं?"

"भाव केला न्हाय तवाच. न बघता, न भांडता कोन सोफा घेतंय कोल्लापुरात?"

"मग तवाच फोन का न्हाय तोडलास? एरवी तर कुणाचं ऐकून घेत न्हाईस."

ती खरकटी ताटली घासत राहिली. "पैसं जाणार न्हवतंच अक्का. आप्पांनी पाया पडून सांगितलं असतं तरी पिन टाकणार न्हवतो मी. पर त्यास्नी मी खोटं पाडलं असतं, तर परत कुठल्या फौजीला त्यांनी जेवाय बोलवलं असतं?"

ती घासलेली भांडी पुढे सरकवत होती आणि मी ती विसळत होते. बाहेर आप्पा कुणालातरी सांगत होते, "माझी लेक भोळी हाय हो. मी हुतो म्हणून बरं."