घरच्या मोठ्यांना बोलवा

माझी आत्या आधी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. मग ती संशोधनाच्या कामात शिरली आणि घरोघरी जाऊन प्रश्न विचारू लागली. लोक तिला चौकशीमावशी म्हणायचे. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही. "चौकशी करणारीला चहा मिळतो, उपदेश करणारीला दार दाखवतात," म्हणायची.

तेव्हा तिच्या गटापुढे एक कोडं होतं. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना श्रवणयंत्रं मिळत होती, पण ती कानात टिकत नव्हती. बैठकीत सगळ्यांनी आयांच्या नावानं बोटं मोडली. आत्या म्हणाली, "आधी घरी जाऊन बघते."

पहिल्याच घरी एक चिमुरडी फरशीवर ठोकळे रचत बसली होती, कान मोकळे. आत्यानं यंत्राचं विचारताच आईनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"कपाटात आहे, कुलपात," आजोबा ताडकन म्हणाले. "घातलं की पोर किंचाळते. माझ्यादेखत तिचे हाल होऊ देणार नाही."

आत्यानं वाद घातला नाही. यंत्र मागून घेतलं, आवाज उतरवला, तपासायची नळी जोडली आणि तिची टोकं आजोबांच्या कानांत दिली. "काका, तुम्हीच ऐका."

तेवढ्यात सुनेनं ओट्यावर ताट ठेवलं. आजोबा उडालेच.

"केवढ्यानं आदळलंस!"

"हळूच ठेवलं हो, बाबा."

"नात ओरडते ती यामुळेच," आत्या म्हणाली. "तिच्या कानाला सवय नाही. आधी शांत खोलीत, थोडा थोडा वेळ. फक्त तुमचा आवाज ऐकू दे."

आजोबांनी नातीला मांडीवर घेतलं.

पुढे कितीतरी घरी तीच गत दिसली. आईबाप कामावर, मूल आजीआजोबांजवळ. आणि यंत्र वापरायला शिकण्यासाठी दवाखान्याचं बोलावणं फक्त आईला.

"चार घरं बघून निष्कर्ष काढायचा?" गटाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही ना. म्हणून तर पडताळून बघू."

चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांतल्या आजीआजोबांनाही शिकायला बोलावलं. वर्षभरानं त्या घरांतली मुलं बाकीच्या घरांतल्या मुलांपेक्षा यंत्र कितीतरी जास्त वेळ घालत होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच नियम बदलला: यापुढे बोलावणं सगळ्या घराला.

त्या आजोबांकडे आत्या पुन्हा गेली, तेव्हा ते जिन्यातूनच नातीला हाका मारत होते. नात दारात आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, ओरडू नका. येतंय मला ऐकू!"