धावायचं नाही ते दोन दिवस

पोलीस भरतीच्या तयारीला लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. राळेगावात राहणारे एक निवृत्त हवालदार आठवड्यातून दोनदा आम्हा चार-पाच मुलींना मैदानावर पळवायचे. बाकीचे दिवस मी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर एकटीच पळायचे. जितकं जास्त पळू तितका वेळ कमी लागेल, अशी माझी समजूत.

एका सोमवारी सरांनी आठशे मीटर सहा वेळा पळायला लावलं. सुटताना म्हणाले, "उद्या कोणी पळायचं नाही." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मंगळवारी उठले तर मांड्या दगडासारख्या. खाली बसता येईना, बसले तर उठता येईना. तरी बूट घालून रस्त्यावर गेले. आठशे मीटरला वीस सेकंद जास्त लागले. बुधवारी त्याहून वाईट. घरी येऊन अंगणातच बसले आणि रडायला लागले.

माय दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगायला निघाली होती. विळा खाली ठेवून माझ्याजवळ आली.

"काय झालं?"

"पाय उचलूनच नाई राह्यले. माह्यानं होत नाई आता."

"दुखून राह्यले तं पळून कायले राह्यली?"

"थांबली तं मागं पडन."

"पड ना मंग दोन दिवस," ती म्हणाली. "सोंगणीच्या पहिल्या दिवशी माही कंबर कशी होते, पाह्यलं ना तू? दुसऱ्या दिवशी मी मागंच राह्यते. बाया पुढं जातात, जाऊ देते. तिसऱ्या दिवशी अंग मोकळं होते. मंग मले कोणी धरत नाई."

तिने माझे बूट उचलून कपाटावर ठेवले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मला एकच काम होतं, तिचा डबा वावरात पोचवायचा, तोही हळूहळू चालत. दुपारी भाकर आणि तुरीचं घट्ट वरण पोटभर खाऊन मी झोपायचे. संध्याकाळी ती जवसाचं तेल कोमट करून माझ्या पोटऱ्या चोळायची. तिचे तळवे इतके खरखरीत की कातडीला ओरखडे पडल्यासारखं वाटे. एकदा चोळता चोळता तिलाच डुलकी लागली, हात माझ्या गुडघ्यावर तसाच. मी पाय हलवला नाही.

शुक्रवारी मैदानावर पळाले. सरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. "काय केलं मधल्या दिवसांत?"

"दोन दिवस झोपली, सर."

"सोमवारी मी काय वेगळं सांगितलं होतं?" ते म्हणाले आणि हसले.

त्या वर्षी मैदानी परीक्षेत पास झाले, लेखीत राहिले. पुढच्या वर्षी दोन्ही निघाल्या. आता माझी नोकरी जिल्ह्यातच आहे. गावातल्या मुली फोन करून विचारतात, कोणते बूट घेऊ, अंडी किती खाऊ. मी त्यांना आधी विचारते, झोपता किती तास? त्यांना वाटतं मी गंमत करते.