आमच्या शहराची नहर

तो माझ्यापेक्षा चांगलं शिकवायचा, हे मी आता सहज लिहू शकतो. त्या वर्षी हे वाक्य कुणी माझ्या तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी महिनाभर बोललो नसतो.

रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रचंड कारखाना आहे. तिथे काम करायला सौदी तरुण तयार व्हावेत म्हणून एक प्रशिक्षण केंद्र चालायचं, आणि आम्ही दोघे तिथले परदेशी शिक्षक होतो. मी औरंगाबादचा, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. तो उत्तर सुदानचा, नाईलकाठचा नूबी. आमची नोकरी थोडक्यात अशी की, जो उद्या आपल्या खुर्चीवर बसणार आहे त्याला आजपासून बसायला शिकवायचं. सौदीकरणाचे दिवस होते. कंपनी सरकारच्या पिवळ्या पट्ट्यात होती, म्हणजे परदेशी जास्त आणि सौदी कमी, आणि पिवळ्याचं हिरवं करायचं तर आमच्यापैकी कुणाला तरी जायला हवं होतं.

मे महिन्यात आमच्या सौदी मुदीरने, म्हणजे व्यवस्थापकाने, दोघांना चहाला बोलावलं. पुढच्या वर्षी एकच परदेशी शिक्षक ठेवता येईल, दुसऱ्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, ऑक्टोबरनंतर वाढणार नाही, खलास, असं त्याने सांगितलं. दोघांचा एकेक वर्ग तो स्वतः बसून पाहणार आणि मग ठरवणार होता. माझी मुलगी जुबैलच्या इंडियन स्कूलमध्ये नुकतीच दहावीत गेली होती. मार्चपर्यंत टिकलो तर तिची बोर्डाची परीक्षा इथेच झाली असती. ऑक्टोबरात निघावं लागलं असतं, तर दहावीच्या ऐन मध्यात तिला गावी कोणत्या शाळेने घेतलं असतं, देव जाणे. मला ती एक जागा हवी होती, बस.

आणि ती त्यालाच मिळणार, हे केंद्रातल्या झाडूवाल्यालाही कळत होतं.

अरबी तर त्याची बोलीच होती. मी चार वर्षांत यल्ला, खलास आणि बुक्रा यांच्या पुढे फारसा सरकलो नव्हतो. सकाळच्या सुट्टीत तो एका मोठ्या थाळ्यात फूल, म्हणजे तेल-जिरं घातलेले शिजवलेले वालासारखे दाणे, मांडून बसायचा आणि सगळी पोरं त्या थाळ्याभोवती गोल करून रोटीने खायची. मी माझ्या टेबलावर डबा उघडून एकटाच पोळी-भाजी खायचो. मला कुणी बोलावलं नाही असं नाही. तो रोज बोलवायचा, आणि रोज बोलवायचा याचाच मला राग यायचा.

पण खरा जळफळाट वर्गातला. वर्ग इंग्रजीत चालायचे, आणि आम्ही एकमेकांच्या वर्गात मागे बसायचो. त्याची पद्धत अशी, की यंत्राकडे यायच्या आधी तो दहा मिनिटं आपल्या पूर्वजांकडे जाऊन यायचा. गाळ खाली कसा बसवतात हे शिकवायचं असेल तर मी पडद्यावर आकृती दाखवायचो. तो फळ्यावर एक मोठा गोल काढायचा आणि म्हणायचा, हा हफीर. दोन हजार वर्षांपूर्वी कुश या सुदानच्या प्राचीन राज्याच्या राजांनी वाळवंटात बांधलेला पाण्याचा साठा. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत वळवायचं, तिथे त्याचा वेग मोडायचा, गाळ तळाला जायचा, आणि वरच्या नितळ पाण्यावर माणसं आणि गुरं कोरडे महिने काढायची. त्या हफीरांच्या काठांवर दगडी सिंह बसवलेले असायचे, आणि एका ठिकाणी दगडी बेडूकही. मग मेरोई नावाच्या त्यांच्या जुन्या राजधानीत लोखंड गाळून उरलेल्या मळीच्या टेकड्या, इजिप्तपेक्षा संख्येने जास्त पिरॅमिड, इजिप्तवर राज्य केलेले कुशचे राजे. पोरं वह्या बंद करून ऐकायची. हफ्र अल बातिनचा एक पोरगा म्हणाला, आमचं गावही खणलेल्या विहिरींवरच वसलंय. झालं, त्या दिवसापासून तो पोरगा उस्ताद, उस्ताद करत त्याच्या मागे. गाळाच्या चाचणीत सगळा वर्ग पास झाला. माझ्या दाबाच्या चाचणीत निम्मा लटकला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "याच्याकडे दोन हजार वर्षं आहेत आणि माझ्याकडे पॉवरपॉइंट."

ती कणीक मळत होती. "मग तुमच्याकडेही आहे की काहीतरी," ती म्हणाली. "नहर नाही का?"

मी औरंगाबादेत ज्या गल्लीत वाढलो, तिच्या तोंडाशी विटा-चुन्याचा एक उंच खांब होता. आम्ही त्याच्याभोवती लपाछपी खेळायचो. शहराबाहेरच्या डोंगराळ भागातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी चारशे वर्षांपूर्वीची नहर, आणि तिच्या वाटेवरचे हे खांब. पाणी खांबात वर चढतं, कोंडलेली हवा सुटते, दाब सावरतो आणि पाणी पुढे जातं. पंप नाही, वीज नाही. मी दाब शिकवत होतो आणि दाबाची गोष्ट माझ्या दारात उभी होती. काखेत कळसा, गावाला वळसा. दोन रात्री बसून मी वर्ग तयार केला.

मुदीर आला त्या दिवशी माझा वर्ग पहिला होता. सुदानी नेहमीसारखा शेवटच्या बाकावर बसला. मी फळ्यावर खांब काढले, पारदर्शक नळी घेऊन पाणी चढवून दाखवलं, आणि त्या चार वर्षांत पहिल्यांदा पोरांनी माझ्यासाठी वह्या बंद केल्या. मुदीर पुढे वाकून ऐकत होता. मग हफ्रच्या त्याच पोराने विचारलं, "उस्ताद, ही बांधली कोणी?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या शहरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ती नहर एका हबशी माणसाने बांधली. आफ्रिकेतल्या हबश देशातून तो पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती विकला जात दख्खनेत पोहोचला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं नाचवलं आणि आमचं शहर वसवलं. पण मी हबशी म्हटलं असतं, तर सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या असत्या. तो काही हबशी नव्हता, शेजारच्या देशाचा होता. पण त्या वर्गात आफ्रिका म्हणजे तोच. त्याच्याकडे इतकं होतं, त्यात माझीही नहर गेली असती.

"आमच्या लोकांनी," मी म्हणालो.

वर्ग संपल्यावर मुदीरने माझा हात दोन्ही हातांत घेतला. सुदानी धावत आला, त्याने माझ्या खांद्याला खांदा लावला आणि म्हणाला, "चार वर्षं तू हे लपवून का ठेवलंस?" तो मनापासून खूश झाला होता. मला ते सहन होईना. बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, की उद्या गुरुवार, ये घरी जेवायला. त्याचा वर्ग रविवारी होता.

तो खजुरांचा डबा घेऊन आला. बायकोने येसर आमटी आणि कोंबडी केली होती. आमटी नाका-डोळ्यांतून पाणी काढणारी, पण तो वाटी पुढे करत राहिला. जेवताना त्याने मुलीला सांगितलं, की तुझ्या बाबांनी काल आम्हाला तुमच्या शहराचं पाणी पाजलं.

"नहर?" मुलीचे डोळे चमकले. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलत होती. आठवीत तिने यावर प्रकल्प केला होता. कुणी थांबवायच्या आत तिने सगळं सांगितलं: तो हबशचा होता, अंकल, तुमच्या बाजूचा; त्याला लहानपणी विकलं होतं; त्याची कबर आमच्याजवळ खुलदाबादला आहे. मग माझ्याकडे वळून शाळेतल्या सवयीच्या हिंदीत म्हणाली, "बाबा, आपने बताया नहीं क्या क्लास में?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी भुरकत राहिलो.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. रागावेल असं वाटलं होतं. पण त्याने मुलीला विचारलं, "विकला तेव्हा केवढा होता?" तिला नक्की माहीत नव्हतं. "लहान होता," ती म्हणाली. त्याने मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात, परवानगी मागतात तसं, म्हणाला, "रविवारी माझा वर्ग आहे. मी ही गोष्ट सांगू? तुझ्याकडून कळली असंच सांगेन."

त्याला विचारायची गरज नव्हती. गोष्ट काही माझ्या बापजाद्यांची नव्हती. तो नुसता उभा राहून सांगता, तर मी काय करणार होतो? पण तो माझ्या घरात, माझ्या ताटावर बसला होता, म्हणून त्याने विचारलं. माझी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नको," मी म्हणालो.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि बायकोला आमटी आणखी वाढायला सांगितलं.

रविवारी त्याने पुन्हा हफीरच शिकवला. पोरांनी तो आधी ऐकलेला होता. वर्ग चांगला झाला, पण मुदीर दोनदा फोन घेऊन बाहेर गेला. आठवड्याभरात जागा मला मिळाली. मी पेढे मागवले जुबैलच्या मिठाईवाल्याकडून. मुलीने एक घेतला आणि अर्धा बशीत ठेवून अभ्यासाला गेली. त्या जेवणाबद्दल ती कधी बोलली नाही, आणि नहरीबद्दलही नाही.

ऑक्टोबरात तो गेला. पोरांनी त्याच्या कपाळाची चुंबनं घेतली, दोघे-तिघे रडले. मला वाटलं, आता सुटलो. पण थाळा बंद झाला तरी पोरं माझ्या टेबलाकडे आली नाहीत. आपापल्या गाडीत बसून खायची.

जानेवारीत, मुलीची पूर्वपरीक्षा चालू असताना, माझ्या फोनवर एक फोटो आला. पांढरा झब्बा, डोक्याला पांढरं फडकं, मागे दगडी घुमट आणि कडुलिंब. तो खुलदाबादला, त्या वजिराच्या कबरीपाशी उभा होता. त्याचा भाचा पुण्याला शिकत होता, त्याला भेटायला आला आणि तिथून बस करून पुढे गेला. भाचा पुण्याला आहे हे मला तेव्हा कळलं. चार वर्षं एका खोलीत बसून मी विचारलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं: तुझ्या मुलीला सांग, सापडली. तिच्या वतीनेही कबरीवर फातिहा वाचली.

नोकरी माझ्याकडे होती, इकामा माझ्याकडे होता, आणि त्या फोटोकडे पाहून मला जे वाटलं, तो हेवाच होता. दुसरा शब्द मला सापडत नाही.

फोटो दडवून ठेवावा असं वाटलं. तसा दोन दिवस ठेवलाही. तिसऱ्या दिवशी मी फोन मुलीच्या पुस्तकावर ठेवला. तिने तो दोन बोटांनी मोठा केला, घुमट पाहिला, त्याचा चेहरा पाहिला. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी नहरीच्या विषयावर बोलली, आणि मराठीत बोलली.

"बाबा, आत कसं आहे हो?"

खुलदाबादला माझं आजोळ. लहानपणी दर सुट्टीत मी त्या रस्त्याने बसने गेलो होतो. खिडकीतून आई बोट दाखवायची आणि मी पेरू खात बसायचो. एकदाही उतरलो नव्हतो.

"त्यालाच विचार," मी म्हणालो.