कुंपणाशी कदमताल

व्हर्नेल टॉलिव्हर आणि मी एकाच वर्गात शिकलो. आता दोघंही साठीला टेकलोय, तरी आमचं भांडण मिटलेलं नाही. ती शाळेतली कॅडेट तुकडी चालवते, मी भूमिती शिकवतो. मी पोरांना ‘सिद्ध करून दाखवा’ म्हणायला शिकवायचं आणि या बाईने त्यांना ‘हो, सार्जंट’ म्हणायला लावायचं. सकाळी मी बांधलेलं ती दुपारी पाडते, असं मी तिला तोंडावर सांगत आलोय.

अलाबामातल्या आमच्या गावात तुकडी फार जुनी. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं, आणि उद्या आपल्यालाही उतरावं लागलं तर अधिकारी आणायचे कुठून, या धास्तीने १९१६ साली सरकारने कायदा केला. तेव्हापासून शाळाशाळांतून ही कवायत सरकारी झाली. पुढे उद्देशाचे शब्द बदलले. आता कागदोपत्री ‘चांगले नागरिक घडवणे’ असं लिहितात. मला ते कधी पटलं नाही. गळाला गांडूळ लावायचं आणि त्याला मेजवानी म्हणायचं, असलाच प्रकार वाटायचा.

आम्ही शिकत होतो तेव्हा मुलींना तुकडीत जागाच नव्हती. दरवर्षी चार देखण्या मुली निवडत. अंगात पांढरा झगा, छातीवरून रेशमी पट्टा, हातात फुलं. संचलनाच्या दिवशी मुलांच्या बाजूने त्यांनी हसत चालायचं, बस्स. दहावीत व्हर्नेलचं नाव निघालं. तिच्या आईने हौसेने झग्याचं कापड आणलं. व्हर्नेल मात्र तडक तेव्हाच्या सार्जंटच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “फुलं नकोत मला. मला हुकूम द्यायचेत.”

सगळी शाळा हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पुढे १९७३च्या हिवाळ्यात कायदा बदलला, मुलींना दार उघडलं आणि ही रांगेत पहिली. मापाचा गणवेश नव्हताच. मुलांची विजार कमरेला पिना टोचून घट्ट केली आणि वर्षभर तशीच घातली. शाळा संपल्यावर फौजेत गेली, बावीस वर्षं ट्रक दुरुस्त केले, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आली. आल्यावर तुकडी हातात घेतली ती आजवर.

फौजेत फार कुणी गेलं नाही तिच्या हाताखालून. झाल्या नर्सा, झाले ट्रकवाले, आणि एकजण तर गावातली प्रेतं पोचवतो. कोण सकाळी न खाता आलंय हे तिला चेहऱ्यावरून कळतं, आणि तिच्या टेबलाच्या खणात सॉसेज घातलेली बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ जाड पाव, कायम असतात. मी तिला चिडवायचो, की ही फौज पोटावर चालते. ती म्हणायची, “सगळ्याच चालतात, थॅड. तुझी भूमितीसुद्धा.”

मग गावातला कोंबड्या कापून पॅक करायचा कारखाना बंद पडला आणि घरंच्या घरं गाव सोडून गेली. पटाचा दहावा हिस्सा मुलं तुकडीत हवीत, म्हणजे आमच्याकडे त्रेचाळीस. उरली अडतीस. दोन वर्षं असंच चाललं, आणि २०१६ च्या वसंतात पत्र आलं: तपासणीला मेजर येतील, तुकडी त्यात उतरली तर राहील, नाहीतर जूनपासून बंद.  त्यानंतर महिनाभर शाळेतल्या तिच्या खोलीतला दिवा माझ्याआधी लागायचा आणि माझ्यानंतर विझायचा, एवढंच मला दिसलं.

या तपासणीत सगळं मुलांनी करायचं असतं. शिकवणाऱ्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शाळेचा प्रतिनिधी म्हणून मेजरशेजारच्या खुर्चीत कुणाला बसवलं असेल? मला. मुख्याध्यापकांचा हा खवचटपणा.

हुकूम द्यायला झाकिया मॉस होती. सोळा वर्षांची, सडपातळ, पण आवाज घणघणीत. सावधान, विश्राम, दाहिने मूड, सगळं झकास चाललं होतं. मग तुकडी मैदानाच्या टोकाकडे निघाली, समोर जाळीचं कुंपण. आता ‘पीछे मूड’ यायला हवं होतं. आलं नाही.

झाकियाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं. पोरगी पार कोरी झाली होती. दहा पावलं, सहा, तीन. मी व्हर्नेलकडे पाहिलं. ती दात आवळून उभी होती, मानेची शीर टरारलेली. चाळीस वर्षांच्या ओळखीत या बाईला मी गप्प पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, झालं, आता ही मेंढरं जाळीवर जाऊन आपटणार.

आपटली नाहीत. पहिली रांग जाळीपासून हातभर अंतरावर पोचली आणि जागच्या जागी कदमताल करू लागली. मागच्या रांगांनीही पाय जुळवले. सदतीस जोडी बूट एका तालात वाजत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. पाऊण मिनिट तरी गेलं असेल; मला तासाभराचं वाटलं.

मग झाकियाच्या छातीतून आवाज सुटला, “पीछे मूड!” आणि सगळी तुकडी एकदम वळली.

संपल्यावर मेजर रांगेपाशी गेले. कपाळावर आठी होती. त्यांनी विचारलं, कदमतालाचा हुकूम कुणी दिला?  मग पोर्शा हाइन्स एक पाऊल पुढे आली. ही माझ्या वर्गातली. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी होते हे मान्य करायला हिने मला दोन आठवडे छळलंय.

“हुकूम नव्हता, सर,” ती म्हणाली. “मी सुरू केलं. ती विसरली होती. तिला वेळ मिळायला हवा होता.”

“आणि तिला आठवलंच नसतं तर?”

“तर मीच वळवलं असतं सगळ्यांना. पण आठवणार होतं. मी ओळखते तिला.”

मी उठून त्यांच्या मागे गेलो होतो, म्हणून मेजरांच्या हातातला कागद मला दिसला. पुढचा प्रश्न होता: या तुकडीचा उद्देश काय? मुलांनी सांगायचा होता. मेजरांनी एकदा पोर्शाकडे पाहिलं. प्रश्न न विचारताच त्यांनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही. तुकडी राहिली. निकाल त्यांनी तिथेच सांगितला, विसरलेल्या हुकमाचे गुण मात्र कापले.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत व्हर्नेल खांबासारखी उभी होती. मग तिचा आवाज सुटला. “हाइन्स! हुकमाशिवाय पाय हलवलास. मैदानाला चार फेऱ्या!”

“हो, सार्जंट,” म्हणत पोर्शा हसतच पळत सुटली. तिने पहिलं वळण घेतलं तोवर झाकियाही तिच्या शेजारी पळत होती. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. व्हर्नेलने ते पाहिलं, आणि न दिसल्यासारखी मैदानाकडे पाठ करून उभी राहिली.